पुढची सीट

जहाजाला ब्रेक नसतो हे कळलं, त्या रात्री आमच्या घरमालकांना झोप लागली नाही. सकाळी मी शाळेला निघाले तर ते फाटकापाशी उभे, डोळे तांबारलेले. म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. खरंच नसतोय का ओ?" मी म्हटलं, नसतो बहुतेक, नांगर टाकतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू जगातली सगळी जहाजं माझ्याच देखरेखीखाली बांधली जातात. सारी हयात एस.टी. चालवण्यात गेलेला माणूस. एवढी माणसं बसवून एवढ्या खोल पाण्यात जायचं आणि ब्रेकच नाही, हा त्यांना शुद्ध बेजबाबदारपणा वाटत होता. पण त्या दिवसापासून नुकत्याच पाहिलेल्या सिनेमातल्या समुद्री चाच्यांच्या कप्तानाबद्दल त्यांच्या मनात जो आदर बसला, तो काही केल्या कमी झाला नाही. चोर असेना का, ब्रेक नसलेली गाडी सांभाळतोय, असं ते दाढी करता करता आरशातल्या स्वतःलाच ऐकवायचे.

मानवतला मी नोकरीसाठी आले. माझं गाव राणीसावरगाव, आणि नेमणूक मिळाली मानवतजवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर. तेव्हा खोली शोधताना माझी जी वणवण झाली, ती आठवली की आजही पाय दुखतात. लोक मोठ्या प्रेमानं बसवून घ्यायचे, पाणी द्यायचे, मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी देऊन झालेली असायची. एका घरी तर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी माझ्या डोक्यावरच लटकत होती.

काकांनी आडनाव विचारलंच नाही. म्हणजे मी त्यांना काका म्हणायला लागले ते नंतर. त्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, की तुम्हाला गाडी लागते का? मी गोंधळून म्हटलं, लागते थोडी. मग त्यांनी गाडी न लागण्याचे उपाय सांगायला सुरुवात केली. पुढच्या सीटवर बसायचं, नजर रस्त्यावर ठेवायची, मागची सीट म्हणजे पोटात ढवळणारच. मला मात्र चैन पडेना. आज खोली मिळायची आणि उद्या कुणी काही सांगितलं म्हणून जायची, त्यापेक्षा मीच सांगून टाकलं, की आम्ही बौद्ध आहोत, चालत असेल तर बघा. बहुधा माझ्या बोलण्याचा आणि गाडी लागण्याचा काय संबंध, हे त्यांना कळलं नसावं.

मग म्हणाले, "मॅडम, मी सारी जिंदगी डायवर व्हतो. मागं कोन बसलंय ते मी कवा बघितलंच न्हाई. आरसा असतोय, पर त्यो मागच्या गाड्या बघायला."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. तिघांना एकाच किटलीतून, एकसारख्या कपांत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी चहा इतक्या घाईनं प्यायले की जीभ पोळली. त्या घरानं मला जे दिलं ते मोजायला मी कधी बसले नाही. पण नवीन गावात एखाद्या मुलीला पाठ टेकायला भिंत मिळावी लागते, ती मला तिथं मिळाली.

घर कसलं, गाडीच होती ती. झोपण्यापूर्वी काका हातात काठी घेऊन घराभोवती एक चक्कर मारायचे. फाटक, पाण्याची टाकी, माझ्या वरच्या खोलीच्या जिन्याची पायरी, सगळ्यांना काठीनं टोकून बघायचे, टायरमधली हवा बघतात तसं. कुणाच्या मोटारीत बसायची वेळ आली तर त्यांचा उजवा पाय सारखा खाली दाबला जायचा आणि उतरल्यावर पोटरी दुखते म्हणायचे. जुन्या एस.टी.त असायची तशी घंटी त्यांनी अंगणात बसवून घेतली होती आणि तिची दोरी आत स्वयंपाकघरापर्यंत ओढली होती. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. काका अंगणात कुणाशी बोलायला बसले की त्यांच्या बोलण्याला उतार लागायचा. पाथरीचा खड्ड्यांचा रस्ता, निकामी निघालेला गिअर, कुठल्याशा आमदाराला स्टँडवर थांबवून ठेवल्याची हकिगत. पाहुण्याचा चेहरा उतरला की आतून काकू दोरी ओढायच्या. टिंग. काका वाक्याच्या मध्यावर थांबायचे, रागावायचे नाहीत. घंटी वाजल्यावर गाडी थांबवायची सवय हाडात मुरलेली.

सिनेमाचं वेड मात्र दोघांना सारखं. आणि सिनेमा संपला तरी शेवटची नावं पूर्ण सरकून जाईपर्यंत काका कुणाला उठू द्यायचे नाहीत. गाडी डेपोत लागल्याशिवाय उतरायचं नाही, हा त्यांचा नियम. थिएटरचा झाडूवाला त्यांच्या पायांभोवतीनं झाडून पुढं जायचा.

चाच्यांच्या सिनेमाचा पहिला भाग हिंदीत होऊन परभणीला लागला, तो दोघांनी जोडीनं पाहिला होता. त्याचा शेवट अख्ख्या मानवतला तोंडपाठ होता. ओहोटी लागते, पाणी मागं सरतं आणि कप्तानाचं जहाज वाळूत रुतून बसतं. समोरून दुश्मनाची फौज मशाली घेऊन वाळूवरून चालत येतेय, कप्तान एकटा डेकवर, आणि पडदा काळा. बाकीचं दुसऱ्या भागात. लोकांची जी चडफड झाली, विचारू नका. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणारं आमचं गाव. पाण्याची वाट बघणाऱ्या माणसाबद्दल आमच्याइतकी कळकळ कुणाला वाटणार? काकू भाकरी थापता थापता मध्येच हात थांबवून म्हणायच्या, त्या बिचाऱ्याचं काय झालं असंल? काकांना त्याहून मोठी चिंता ब्रेकची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला.

जीव वाचला, हळूहळू चालायलाही लागल्या. पण उजवा पाय ओढत, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं ते तसंच राहिलं. बोलणं जड झालं. तरीही सुरुवातीला हिंमत चांगली होती. पोखर्णीला भाचीचं लग्न होतं, तिथं नवी साडी नेसून गेल्या. मांडवात एक लहान मूल त्यांच्याकडे बघून घाबरलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. त्याच्या आईनं त्याला चटकन दुसऱ्या कडेवर घेतलं, तोंड पलीकडे करून. काकूंनी पदर ओढून घेतला आणि घरी आल्यावर पुन्हा कधी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. बायका भेटायला आल्या की भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. पुढं बायकाही येईनाशा झाल्या.

काकांनी घंटीची दोरी मग काकूंच्या खाटेपर्यंत ओढून घेतली आणि नवराबायकोचं बोलणं घंटीवरच आलं. चहा हवा, दोन घंट्या. पंखा नको, एक घंटी. पण काका अंगणात कुणाशी बोलत बसले तर मात्र आतून काही वाजायचं नाही. ते बोलत राहायचे, बोलत राहायचे, कान आतल्या दोरीकडे. कुणी थांबवेना म्हणून शेवटी आपणच गप्प व्हायचे. मी जिन्यात उभी राहून हे बघायचे आणि मला रडू यायचं.

मधे दोन वर्षं गेली असतील. मग बातमी आली, दुसरा भाग येतोय.

ऐन कापसाच्या दिवसांत मानवतला समुद्राची लाट आली म्हणा ना. कापूस घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरांवर खोपडीची काळी निशाणं फडकायला लागली. न्हाव्यानं कप्तानासारखी दोन शेंड्यांची दाढी कोरून द्यायला सुरुवात केली आणि जिनिंगमधली अर्धी पोरं तशा दाढ्या घेऊन कापसाच्या गंज्यांवर चढून दुर्बिणीतून बघितल्यासारखं करायला लागली. माझ्या वर्गात एका मुलीनं गोदावरीचा नकाशा बघून अगदी गंभीरपणे विचारलं, की समुद्रातून उलटं आलं तर जहाज गंगाखेडपर्यंत पोचेल का? मी म्हटलं, उन्हाळा सोडून ये म्हणावं. चहाच्या टपरीवर दोन तट पडले होते. एक म्हणे कप्तान मरणार, दुसरा म्हणे तो मेला तर तिसरा भाग कोणाच्या जिवावर काढणार?

काकांचं मात्र भलतंच काही तरी चाललं होतं. एके दिवशी ते स्टँडवर गेले आणि उभ्या गाडीच्या पायरीची जमिनीपासूनची उंची सुतळीनं मोजून आले. मग अंगणात विटा रचून तेवढ्याच उंचीची पायरी केली, बाजूला धरायला नळाचा पाइप ठोकला. काकूंना सांगितलं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. डॉक्टरांना याचा पत्ता नव्हता. रोज संध्याकाळी काकू पाइप धरून ती पायरी चढायच्या आणि उतरायच्या, आणि काका शेजारी उभे राहून, चढा पुढं, सरका पुढं, असं कंडक्टरच्या आवाजात म्हणायचे.

मी विचारलं, हे कशासाठी? तेव्हा त्यांनी मला फाटकाबाहेर नेलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"दुसरा भाग बघायला तिला न्यायचंय," ते म्हणाले. "गाडी लय दिवस हुबी ऱ्हायली की बॅटरी उतरती मॅडम. मंग ढकलनारे बी दमतेत. ह्या टायमाला न्हाई निघाली, तर ती न्हाई निघत आता."

त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. भ्याले होते काका. घाटात गाडी मागं सरकायला लागली तरी बिडी न विझवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

काकू ऐकायला तयार नव्हत्या. काका रोज अंगणातून विचारायचे, जायचं ना सिनेमाला? आतून टिंग. एक घंटी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मीही आत जाऊन समजावून पाहिलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मग एका संध्याकाळी काकांनी मला अंगणात बसवलं आणि पहिल्या भागाची गोष्ट सांगायला घेतली. मोठ्यानं, अगदी रंगवून. मला सगळी माहीत होती, तरी मी ऐकत होते, कारण ती ते चुकीची सांगत होते. शेवटाला आले आणि म्हणाले, मशाली बघून कप्तान घाबरला, त्यानं डेकवरनं उडी टाकली आणि पळून गेला. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले.

आतून जड, ओढलेला आवाज आला. "पळाला न्हाई त्यो."

काका म्हणाले, पळाला, मी डोळ्यांनी बघितलंय.

"हुबा व्हता. तितंच हुबा व्हता." बऱ्याच महिन्यांत त्या एका दमात एवढं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

काका माझ्याकडे वळून खेदानं म्हणाले, की आता वय झालं हिचं, आठवत नाही हिला, कप्तान भित्राच होता. आणि दुसरा भाग बघितल्याशिवाय याचा निकाल लागायचा नाही. मग ते उठून उगीच तुळशीला पाणी घालायला लागले, दिवसभरात तिसऱ्यांदा. आणि मग घंटी वाजली. टिंग टिंग.

काकांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं.

तिकिटं माझ्या मोबाइलवरून काढायची ठरलं. पडद्यावर खुर्च्यांचा नकाशा आला. मी मागच्या, मधोमधच्या खुर्च्या दाखवल्या. काकांनी बोट ठेवलं ते थेट पडद्याला चिकटलेल्या पहिल्या रांगेवर. मी म्हटलं, काका, ही सगळ्यात वाईट जागा, मान मोडते, तिथं कुणी बसत नाही. ते म्हणाले, पुढं बसलं की गाडी लागत नाही. मी हात जोडून सांगितलं, की सिनेमा म्हणजे एस.टी. नव्हे. पण जन्मभराची समजूत ती. पुढची सीट चांगली म्हणजे चांगली. शेवटी पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या काढल्या आणि मी मनातल्या मनात म्हटलं, बाई आयुष्यात पुन्हा बाहेर निघाली आणि तिला मान वर करून फक्त कप्तानाची हनुवटी दिसणार.

दुपारच्या खेळाला आम्ही परभणीला एस.टी.नं गेलो. रिक्षा, जीप, कुणाची मोटार, काही काकांना चालेना. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. काकूंनी दांडी धरली, पाय उचलला आणि अंगणातल्या विटांवर चढाव्यात तशा चढल्या. कुणी हात दिला नाही, कारण काकांनी कुणाला देऊ दिला नाही. ड्रायव्हरच्या मागची सीट. पदर नाकापर्यंत ओढलेला. पण काळं निशाण लावलेला कापसाचा ट्रॅक्टर समोरून आला, तेव्हा पदराच्या वर डोळे हसलेले मला दिसले.

थिएटरबाहेर ही गर्दी. जिंतूरची, सेलूची पोरं टेम्पो भरून आलेली, डोक्याला काळी फडकी, कुणी एका डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्याला धडकतंय. दारं उघडली तशी काकांनी आम्हाला सगळ्यांच्या आधी आत घातलं आणि नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. मागून लोंढा आला, शिट्ट्या, आरोळ्या, खुर्च्यांची धडधड. सगळं थिएटर भरलं, आणि सगळं आमच्या पाठीमागं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाचं तोंड कुणालाच दिसत नाही. काकूंच्या पुढं पडद्याशिवाय काही नव्हतं.

मी काकांकडे पाहिलं. ते खिशातला रुमाल नीट घडी करत होते, जसं काही झालंच नाही. त्यांनी हे सगळं आधी ताडलं होतं, की एस.टी.च्या सवयीनं चुकून बरोबर पडलं, मला अजून ठाऊक नाही. आता माझी बदली गावाकडे झालीय, ते दोघं नांदेडला लेकीकडे राहतात, फोनवर बोलतो. मी एकदा विचारलं, तर त्यांनी मला गाडी न लागण्याचे उपाय पुन्हा सांगितले.

सिनेमा सुरू झाला तो जिथं सुटला होता तिथूनच. वाळू, मशाली, रुतलेलं जहाज, आणि डेकवर कप्तान. उभा. काकूंनी डाव्या हाताचं कोपर काकांच्या बरगडीत असं खुपसलं की ते कळवळले. हरल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. मग दुश्मनाचा एक माणूस सुरी दातात धरून मागच्या बाजूनं जहाजावर चढायला लागला, आणि थिएटर पेटलं. मागं बघ, अरे मागं बघ, असा सगळीकडून गलका. त्यात आमच्या रांगेतूनही एक आवाज निघाला, जड, अर्धे शब्द गिळलेला, पण चांगला खणखणीत. काकू ओरडत होत्या. कुणाचं तिकडं लक्षही गेलं नाही. त्या गोंधळात कुणाचाच शब्द धड कळत नव्हता, त्यांचाही नाही आणि जिंतूरच्या पोरांचाही नाही. मला इतकं भरून आलं की पडद्यावर काय चाललंय ते थोडा वेळ मला दिसलंच नाही. या माणसांनी मला आपल्यात बसवलं, माझ्यासमोर हे सगळं घडू दिलं, म्हणून मी त्या अंधारात मनापासून त्यांचे उपकार मानले.

आणि भरती यायच्या ऐन बेताला मध्यंतर झालं.

दिवे लागले. आणि काकांच्या पहिल्या रांगेतली खोट तेव्हा समोर आली. चहाचं दुकान आणि मुतारीचं दार पडद्याच्या बाजूला होतं. म्हणजे अख्खं थिएटर उठलं आणि आमच्या रांगेसमोरून, आमची तोंडं बघत चालायला लागलं. काकांचा चेहरा पांढरा पडला. घाटात गाडी मागं सरकल्यावरही जो कुणाला दिसला नसेल, तो चेहरा मला त्या दिवशी दिसला. ते ताडकन उठले, काकूंच्या पुढ्यात उभे राहिले, गर्दीकडे पाठ करून, खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी पसरून. मला म्हणाले, मॅडम, तुमी ह्या बाजूनं हुब्या ऱ्हावा. मीही उठले. आमच्या पाठीमागून माणसांचे लोंढे जात होते, हसत, भांडत, कप्तानाची नक्कल करत, आणि आम्ही दोघं भिंतीसारखे उभे.

काकू खाली बसून आमच्या मधल्या फटीतून डोकावत होत्या. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. पदर खांद्यावर आला होता, त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग त्यांनी काकांची शाल धरून बाजूला ओढली.

"सरका की जरा," त्या म्हणाल्या. "किती दिसानं आलीय मी. मला माणसं बघू द्या."